आईच्या गुडघ्यातला जंतू सापडतच नाहीये, आता काय करू?

प्रश्न: माझ्या आईचा (वय ६८) उजवा गुडघा बदलून १४ महिने झाले. पहिले सात-आठ महिने मस्त गेले, जिने चढायला लागली होती. मग गुडघा ठणकायला लागला, रात्री जास्त. थोडी सूज असते, हात लावला की गरम लागतो, पण ताप एकदाही आलेला नाही. तीन वेळा अँटिबायोटिकचे कोर्स झाले, घेतलं की पंधरा दिवस बरं आणि परत तेच. तिसरा कोर्स चालू असतानाच गुडघ्यातलं पाणी काढून तपासलं तर रिपोर्ट आला ‘नो ग्रोथ’. सीआरपी (रक्तातली, शरीरात कुठे सूज आहे का ते दाखवणारी टेस्ट) १४ आहे. पहिले डॉक्टर म्हणतात इन्फेक्शन नाही, व्यायाम करा. दुसरे म्हणतात एखादा रेअर जंतू असेल, सगळं काढून नवीन बसवावं लागेल. आई म्हणते तुझ्या मांजरामुळे झालं, बाबा म्हणतात केस करू. खरंच रेअर जंतू असेल का आणि असेल तर सापडत का नाही? – गोंधळलेली लेक

उत्तर: ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच ओळीवर अडकले, ‘तिसरा कोर्स चालू असतानाच पाणी काढून तपासलं’. तुमच्या ‘सापडत का नाही’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. मी ऑर्थोवाली नाही, आयुष्य मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये कल्चरच्या, म्हणजे सॅम्पलमधले जंतू वाढवून बघायच्या, प्लेटा बघण्यात गेलं, त्यामुळे ऑपरेशन कुठलं करायचं हे मी सांगणार नाही, पण जंतू का लपतो आणि त्याला कसं बाहेर काढायचं हे सांगू शकते. आधी हे नक्की करायला हवं, बाकीचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे.

अँटिबायोटिक पोटात असताना घेतलेल्या सॅम्पलमध्ये जंतू उगवला नाही म्हणजे जंतू नाही असं होत नाही हो. गोळीने सगळे जंतू मरत नाहीत पण उरलेले इतके गपगार होतात की प्लेटवर वाढत नाहीत, आणि रिपोर्ट छापून येतो ‘नो ग्रोथ’, आणि घरी सगळे सुटकेचा श्वास सोडतात. सांधेबदलानंतरच्या इन्फेक्शनमध्ये कल्चर कोरं येण्याचं सगळ्यात मोठं कारण रेअर जंतू नाही, आधी घेतलेलं अँटिबायोटिक हे आहे. २००७ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलेला एक अभ्यास आम्ही लॅबवाले अजून सांगत असतो. सांधा काढला जात होता अशा ३३१ जणांचा तो अभ्यास होता. ज्यांना खरंच इन्फेक्शन होतं त्यांच्या आतल्या मांसाच्या तुकड्यांच्या कल्चरने शंभरातल्या ६१ जणांचं इन्फेक्शन पकडलं, आणि ऑपरेशनच्या आधीच्या १४ दिवसांत ज्यांनी अँटिबायोटिक घेतलं होतं त्यांच्यात हाच आकडा ४५ वर आला. म्हणजे निम्म्याहून जास्त सुटले. हा मांसाच्या तुकड्यांचा हिशोब आहे, तुमच्याकडे तर फक्त पाणी तपासलंय आणि तेही एकदाच.

म्हणून माझं पहिलं आणि सगळ्यात आग्रहाचं म्हणणं असं की आईची तब्येत बाकी ठीक असेल तर चौथा कोर्स सुरू करू नका. डॉक्टरांना स्पष्ट विचारा की अँटिबायोटिक बंद ठेवून किमान दोन आठवडे थांबून परत पाणी काढायचं का. बहुतेक ठिकाणी हाच नियम पाळतात, दोन आठवडे कोरडे आणि मग सॅम्पल. हे स्वतःच्या मनाने करू नका, विचारून करा, कारण आईला दुसऱ्या कशासाठी अँटिबायोटिक चालू असेल तर गोष्ट वेगळी. आणि हेही लक्षात ठेवा की थंडी वाजून ताप आला, गुडघा एकदम लालभडक होऊन पाय टेकवेना, आई असंबद्ध बोलायला लागली किंवा टाक्यांच्या जागी छिद्र पडून पाणी-पू यायला लागला, तर दोन आठवडे वगैरे काही नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. तिथे रक्ताचं कल्चर आणि गुडघ्यातलं पाणी पटकन घेतील आणि अँटिबायोटिक लगेच सुरू करतील, ते बरोबरच आहे. थांबायचा सल्ला फक्त हळूहळू कुरकुरणाऱ्या गुडघ्यासाठी आहे.

आता ‘इन्फेक्शन नाही’ म्हणणाऱ्या डॉक्टरांबद्दल. ते चूकच आहेत असं मी म्हणणार नाही, कारण बदललेला गुडघा दुखायला शंभर कारणं असतात. सांधा सैल होतो, वाटी नीट सरकत नाही, लिगामेंट ढिले पडतात, कधी कधी दुखणं खुब्यातलं किंवा कमरेतलं असतं आणि जाणवतं गुडघ्यात. पण सात-आठ महिने छान गेले, मग दुखायला लागलं, रात्री जास्त, गरम लागतो, गोळी घेतली की पंधरा दिवस आराम, ही कहाणी मला तरी सैल स्क्रूची वाटत नाही. आणि ताप नाही म्हणून इन्फेक्शन नाही हे तर डोक्यातून काढूनच टाका. ऑपरेशननंतर तीन महिन्यांच्या आत होणारं इन्फेक्शन दणदणीत असतं, ताप, लाली, पू, सगळं. तीन महिने ते दोन वर्षं या काळात जे डोकं वर काढतं ते बहुतेक वेळा ऑपरेशनच्या वेळीच आत गेलेल्या सौम्य जंतूचं असतं, ते महिनोन्‌महिने काही आवाज न करता वाढतं आणि फक्त दुखतं. दोन वर्षांनंतर येणारं पुष्कळदा रक्तातून आलेलं असतं, दात, त्वचा, लघवी, कुठूनतरी. हे कप्पे काही काटेकोर नाहीत पण अंदाज येतो. आई मधल्या कप्प्यात बसते.

सीआरपीचं म्हणाल तर जुनाट इन्फेक्शनचा संशय घ्यायला १० च्या वर ही रेघ धरतात, ईएसआर ही तशीच दुसरी रक्ताची टेस्ट, तिची ३० च्या वर. आईचा १४ म्हणजे रेघेच्या जरासा पलीकडे, त्यावरून ना हो म्हणता येतं ना नाही. आणि सौम्य जंतू असेल तर सीआरपी अगदी नॉर्मलसुद्धा येतो, हे मी कित्येकदा बघितलंय. त्यापेक्षा गुडघ्यातल्या पाण्यातल्या पांढऱ्या पेशी मोजल्या होत्या का ते रिपोर्टमध्ये शोधा. जुनाट दुखण्यात ३००० च्या वर पेशी आणि त्यातल्या ८० टक्क्यांच्या वर न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणारा पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) असतील तर इन्फेक्शनचा संशय पक्का होत जातो. कल्चर कोरं आलं तरी हा आकडा बोलतो. बऱ्याचदा हा आकडा कागदावर असतो आणि कोणी वाचलेलाच नसतो, सगळ्यांचे डोळे ‘नो ग्रोथ’वर.

आता तुमचा रेअर जंतू. आधी हे समजून घ्या की नव्या सांध्यात इन्फेक्शन होण्याचं प्रमाणच मुळात शंभरात एक-दोन एवढं असतं, आणि त्यातलेही बहुतेक स्टॅफिलोकॉकस घराण्यातले असतात, म्हणजे आपल्या नाकात आणि कातडीवर राहणारे रोजचे शेजारी. त्यातला ऑरियस जरा गुंड, एपिडर्मिडिस शांत पण चिवट. त्यानंतर स्ट्रेप्टोकॉकस, एन्टेरोकॉकस, पोटातले काही. म्हणजे आईला रेअर काही असण्यापेक्षा साधाच जंतू अँटिबायोटिकने झाकला गेला असण्याची शक्यता माझ्या मते जास्त आहे. नेटवर मात्र साध्या जंतूची गोष्ट कोणी लिहीत नाही, विचित्र केस असेल तरच लिहितात, त्यामुळे तिथे वाचून असं वाटतं की जगात सगळ्यांना विचित्रच काहीतरी झालंय.

पण रेअर जंतू असतातच, आणि ते का सापडत नाहीत ते ऐका. प्लेटवर जंतू वाढायला योग्य खाणं, योग्य हवा आणि पुरेसा वेळ लागतो, आणि साध्या कल्चरमध्ये आम्ही प्लेटा पाच दिवसांच्या आसपास ठेवतो आणि फेकतो. क्यूटीबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचा एक जंतू आहे, २०१६ पर्यंत याला प्रोपिओनीबॅक्टेरियम म्हणायचे, तारुण्यपीटिकांशी याचं नाव जोडलेलं, खांद्याच्या सांध्याचा हा लाडका. याला वाढायला १० ते १४ दिवस लागू शकतात आणि तेही ऑक्सिजन नसलेल्या डब्यात. मी नोकरीला लागून चार-पाच वर्षं झाली होती तेव्हा एका खांद्याचं सॅम्पल पाचव्या दिवशी ‘नो ग्रोथ’ म्हणून मी सही करून टाकलं, प्लेटा फेकायच्या राहून गेल्या कारण त्या दिवशी आमचा मदतनीस रजेवर होता, आणि नवव्या दिवशी डबा उघडला तर बारीक बारीक पांढऱ्या वसाहती. रिपोर्ट बदलून पाठवताना जी लाज वाटली ती अजून आठवते. तेव्हापासून कागदावर ‘कृत्रिम सांधा’ असं लिहिलेलं दिसलं की प्लेटा १४ दिवस. पण हे कागदावर लिहिलेलं असायला हवं ना! नुसतं ‘गुडघ्यातलं पाणी, कल्चर करा’ एवढंच लिहून आलं तर लॅबला कळणार कसं की आत धातू आहे.

काही जंतूंचं खाणंच वेगळं. ग्रॅन्युलिकॅटेला म्हणून एक तोंडातला जंतू आहे, त्याला बी-६ जीवनसत्त्वाचा एक प्रकार लागतो, तो नसेल तर साध्या प्लेटवर उगवत नाही, पण शेजारी स्टॅफ लावला की त्याच्या कडेकडेने छोटे ठिपके उगवतात. ब्रुसेला कच्च्या दुधातून किंवा जनावरांच्या संपर्कातून येतो, हळू वाढतो, आणि लॅबमध्ये काम करणाऱ्यालाच लागू शकतो, म्हणून नुसता संशय असेल तरी आधी सांगावं लागतं. माझी हात जोडून विनंती आहे ही सगळ्यांना.

टीबी. हा शब्द ऐकला की घरात सन्नाटा पडतो, पण विचारायलाच हवं. आईला किंवा घरात कोणाला कधी टीबी झाला होता का, लहानपणी का होईना? बदललेल्या सांध्यात टीबी निघणं विरळ आहे, पण निघतो, कधी जुना दबलेला जागा होतो, आणि कधी तर मूळ गुडघादुखीच टीबीची होती आणि झीज समजून सांधा बदलला असंही होतं. म्हणून पहिल्या ऑपरेशनच्या वेळी काढलेलं हाड किंवा सांध्याचं अस्तर हिस्टोपॅथॉलॉजीला, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला, पाठवलं होतं का, रिपोर्ट काय होता, हे जुन्या फाइलमध्ये बघा. टीबीचं कल्चर सहा ते आठ आठवडे घेतं, सीबीनॅटसारखी, जनुकांवरून टीबीचा जंतू शोधणारी टेस्ट काही तासांत सांगते पण ती निगेटिव्ह आली म्हणून टीबी नाहीच असं नसतं. अजून एक, आईच्या तीन कोर्समध्ये लिव्होफ्लॉक्सासिनसारखी गोळी होती का ते पण बघून ठेवा. ह्या गोळ्या टीबीला अर्धवट दाबतात, त्याने निदान लांबतं.

आणि इथे एक गंमत सांगते (गंमत कसली, पेशंटची परीक्षाच असते). टीबीचे काही चुलतभाऊ आहेत, मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, ॲब्सेसस, केलोनी. हे पाण्यात-मातीत राहतात आणि टीबीच्या मानाने भराभर, आठवडाभरात, साध्या प्लेटवरसुद्धा उगवतात. पण साध्या रंगाने रंगवले की कातडीवरच्या निरुपद्रवी जंतूंसारखे दिसतात आणि लॅबवाला ‘कंटॅमिनेशन’ म्हणून सोडून देतो. ॲसिड-फास्ट म्हणजे टीबीच्या घराण्यातले जंतू ओळखायचा खास रंग लावला तर पकडले जातात, मग तिथून पुढची चूक म्हणजे रिपोर्टवर ‘एएफबी पॉझिटिव्ह’ (म्हणजे हा रंग धरणारे जंतू दिसले) बघून कोणीतरी सरळ टीबीची औषधं सुरू करतं, आणि ह्या चुलतभावांवर टीबीची नेहमीची औषधं बहुतेक वेळा चालतच नाहीत. सहा महिने औषधं खाऊन गुडघा तिथल्या तिथे. म्हणून एएफबी दिसले तरी कुठला ते नाव येईपर्यंत पिच्छा सोडायचा नाही.

कंटॅमिनेशनचा विषय निघालाच आहे तर बोलूनच टाकते. कातडीवरचेच जंतू सांध्यात इन्फेक्शन करतात आणि कातडीवरचेच जंतू सुई टोचताना चुकून सॅम्पलमध्ये येतात, मग खरा कुठला आणि पाहुणा कुठला हे एका सॅम्पलवरून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मी स्वतः एकदा एका खुब्याच्या सॅम्पलमधला कॉरिनेबॅक्टेरियम पाहुणा समजून सोडला होता आणि चार महिन्यांनी परत ऑपरेशन झालं तेव्हा पाचपैकी चार तुकड्यांत तोच. म्हणूनच ऑपरेशन झालं तर एक नाही, वेगवेगळ्या जागेचे पाच-सहा तुकडे, प्रत्येक वेगळ्या हत्याराने घेऊन वेगळ्या बाटलीत पाठवायचे असतात. दोन किंवा जास्त तुकड्यांत एकच जंतू निघाला तर तो खरा. घावाच्या बाहेरून कापसाच्या काडीवर घेतलेलं सॅम्पल मात्र कुचकामी, त्यावर उपचार ठरवू देऊ नका. एखादा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पॅथॉलॉजीकडेही जायला हवा. आणि काढलेला धातूचा सांधा फेकून न देता लॅबमध्ये पाठवून ध्वनिलहरींनी हलवून त्यावरचे जंतू सुटे करून कल्चर करता येतं, सोनिकेशन म्हणतात. वर सांगितलेल्या त्याच अभ्यासात सोनिकेशनने ६१ चा आकडा ७९ च्या जवळ नेला आणि अँटिबायोटिक घेतलेल्यांमध्ये ४५ चा ७५ वर. सगळीकडे ही सोय नसते, पण विचारायला काय जातंय. तरीही काही निघालं नाही तर जंतूच्या जनुकांवरून ओळखायची टेस्ट आहे, १६एस म्हणतात.

एवढा आटापिटा का, सरळ भारी अँटिबायोटिक द्या ना, असं बाबा म्हणतील. तर त्याचं कारण बायोफिल्म. पाण्याच्या टाकीला आतून बुळबुळीत थर धरतो ना, हात फिरवला की लागतो, नुसतं पाणी ओतून जात नाही, घासावा लागतो. तसाच थर जंतू धातूवर आणि प्लास्टिकवर धरतात. त्या थराच्या आत ते अर्धवट झोपेत असतात, वाढतच नाहीत म्हणून वाढीवर घाव घालणारं औषध त्यांना लागत नाही, सुट्या जंतूला मारायला जेवढं औषध लागतं त्याच्या शेकडो, कधी हजारपट लागू शकतं, तेवढं माणसाला देता येत नाही. म्हणून पंधरा दिवस बरं आणि परत तेच! गोळीने थराबाहेरचे सुटे जंतू मेले, थर तसाच. आईच्या तीन कोर्सचं गणित माझ्या अंदाजाने हे आहे.

म्हणूनच दुसरे डॉक्टर सगळं काढायचं म्हणतायत ते घाबरवायला नाही. इन्फेक्शन नक्की झालं तर साधारण मार्ग असे असतात की अगदी नवीन, काही आठवड्यांचंच असेल तर सांधा न काढता उघडून घासून धुऊन, प्लास्टिकचा भाग बदलून भागतं, पण तुमच्याकडे सहा महिने झालेत त्यामुळे ते बसण्यासारखं वाटत नाही. मग एकाच ऑपरेशनमध्ये जुना काढून नवा बसवणं, किंवा दोन टप्प्यांत, म्हणजे आधी काढून मध्ये अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटचा तात्पुरता ठोकळा, स्पेसर म्हणतात, तो ठेवायचा, काही आठवडे औषधं, आणि मग नवा सांधा. आणि इथे गंमत बघा, एका टप्प्यात करायचं असेल तर जंतूचं नाव आधी माहीत असणं फार मोलाचं, कारण सिमेंटमध्ये कुठलं औषध मिसळायचं ते त्यावर ठरतं. नाव माहीत नसेल, किंवा जंतू विचित्र, औषधांना न जुमानणारा असेल तर बहुतेक सर्जन दोन टप्पेच निवडतात. म्हणजे तुमच्या दोन आठवड्यांच्या थांबण्याने कदाचित आईचं एक आख्खं ऑपरेशन वाचेल. फार वय, हृदय कमजोर, ऑपरेशन झेपणारच नाही अशांना वर्षानुवर्षं गोळीवर दाबून ठेवतात, पण त्यालासुद्धा नाव लागतंच की, कुठली गोळी द्यायची?

औषधं किती दिवस याचंही ऐकून ठेवा म्हणजे धक्का बसणार नाही. २०२१ साली एक फ्रेंच अभ्यास आला, त्यात ६ आठवडे आणि १२ आठवडे अशी तुलना होती आणि ६ आठवडेवाल्यांमध्ये इन्फेक्शन जास्त टिकून राहिलं, तेव्हा तीन महिने सांगितले तर वाद घालू नका. सगळं सलाईनमधूनच हवं असं मात्र नाही, २०१९ च्या एका मोठ्या ब्रिटिश अभ्यासात पहिल्या सहा आठवड्यांत योग्य निवडलेल्या गोळ्या शिरेतल्या औषधाच्या तोडीस तोड ठरल्या. स्टॅफ निघाला तर रिफाम्पिसिन देतील, लघवी केशरी होते, घाबरू नका, पण ते एकटं कधीच घ्यायचं नसतं आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांसकट ढीगभर औषधांशी ते भांडतं, आईच्या सगळ्या गोळ्यांची यादी डॉक्टरांच्या समोर ठेवा.

आता मांजर. हसू नका, आई अगदीच हवेत बोलत नाहीये. मांजराच्या आणि कुत्र्याच्या तोंडात पाश्चुरेला मल्टोसिडा नावाचा जंतू असतो, चावल्याने, ओरखड्याने, जखम चाटल्याने तो आत जातो आणि बदललेल्या सांध्यात त्याचं इन्फेक्शन झाल्याच्या केसेस आहेत. पण तो असा महिनोन्‌महिने कुरकुरत बसणारा नाही, सहसा चावल्या-ओरबाडल्यानंतर थोड्याच दिवसांत सांधा फुगतो आणि साध्या प्लेटवर मजेत उगवतो. तर बिचाऱ्या मांजरावर आळ घेऊ नका, फक्त दुखणं सुरू व्हायच्या आधी आईच्या पायाला ओरखडा वगैरे काही झालं होतं का ते आठवा आणि डॉक्टरांना सांगा. इथेच मला एक सांगायचंय, जी आमची पेशंटकडे कायमची तक्रार असते. लॅब जे शोधायला सांगाल तेच शोधते. घरात जनावरं आहेत, शेतात-गोठ्यात काम केलं, कच्चं दूध पितात, दात काढला, नखुरडं पिकलं होतं, लघवीचं इन्फेक्शन झालं होतं, गुडघ्यात कोणी परत इंजेक्शन दिलं, संधिवाताची मेथोट्रेक्सेट किंवा स्टिरॉइड चालू आहे, शुगर किती असते, हे सगळं एका कागदावर लिहा, तारखा टाकून. तुम्हाला फालतू वाटणाऱ्या ओळीत जंतूचं नाव असतं. लिस्टेरिया, साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असले पोटातून येणारे जंतू प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांच्या सांध्यात जाऊन बसतात, जुलाब झाले होते ही माहिती मग सोन्याची होते. आणि उलटंही होतं, सांध्यात स्ट्रेप्टोकॉकस गॅलोलिटिकस निघाला तर डॉक्टर मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी सांगतात कारण त्या जंतूचं आतड्याच्या कॅन्सरशी नातं आहे, आणि मग नातेवाईक चिडतात की गुडघ्यासाठी आलो आणि हे काय भलतंच. भलतं नाही, करून घ्यायची.

बाबांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा की केसचं नंतर बघू. त्यांचा राग समजतो, पण उत्तम ऑपरेशन थिएटरमध्ये, उत्तम सर्जनच्या हातूनसुद्धा शंभरातल्या एकाला हे होतं. १९६०च्या दशकात इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी आजच्यासारखं खुबा बदलायचं ऑपरेशन सुरू केलं तेव्हा त्यांच्याकडेही शंभरात सातच्या आसपास इन्फेक्शन व्हायचं, थिएटरमध्ये गाळलेली हवा आणि अंगभर झाकणारे गाऊन वगैरे करत करत त्यांनी ते एकाच्या खाली आणलं, शून्यावर त्यांनाही आणता आलं नाही. शिवाय जंतू रक्तातून नंतरही येऊ शकतो, स्टॅफ ऑरियस रक्तात पसरला तर कृत्रिम सांधा असलेल्या तिघांपैकी साधारण एकाच्या सांध्यात तो जाऊन बसतो, त्यात सर्जनचा काय दोष. पण कागद मात्र मागाच, तो तुमचा हक्क आहे, आणि भांडणासाठी नाही तर उपचारासाठी मागा. ऑपरेशनची नोट, सांध्याच्या कंपनीचे स्टिकर, हिस्टोपॅथ, प्रत्येक अँटिबायोटिकचं नाव आणि तारखा, पाण्याचा पूर्ण रिपोर्ट, त्यात कल्चर किती दिवस ठेवलं तेही. पहिल्या डॉक्टरांशी बिनसलं तर हे कागद मिळायला उशीर होतो, म्हणून आत्ता गोड बोला.

तर पुढच्या भेटीत, जमलं तर जिथे सांध्याच्या इन्फेक्शनच्या केसेस नेहमी बघतात आणि ऑर्थोवाले व इन्फेक्शनचे डॉक्टर एकत्र बसून ठरवतात अशा ठिकाणी, एवढं नक्की विचारा की दोन आठवडे औषधाविना राहून पाणी परत काढाल का, पेशी मोजाल का, लॅबच्या कागदावर ‘कृत्रिम सांधा’ लिहून १४ दिवस कल्चर ठेवायला सांगाल का, आणि एएफबी आणि फंगस दोन्ही बघाल का, कारण फंगसही कधी कधी असतो आणि त्यावर अँटिबायोटिक शून्य चालतं. पाणी स्वच्छ जागी, थिएटरसारख्या काळजीने काढू द्या, कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये टेबलावर बसवून नाही. आणि मधल्या काळात दुखतंय म्हणून कोणी गुडघ्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देऊ म्हणालं तर सरळ नाही म्हणा. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल, बर्फ, काठी. आईला हे दोन आठवडे जड जाणार, दुखणं वाढेल, ती म्हणेल मुलगी औषध देत नाही, तेव्हा मन घट्ट ठेवा, पण वर सांगितलेली धोक्याची लक्षणं फ्रिजवर लिहून चिकटवा.

कल्चरचं काय झालं ते मला जरूर कळवा. फक्त पाचव्या दिवशीचा रिपोर्ट पाठवू नका, चौदाव्या दिवशीचा पाठवा.